कानातला रातकिडा: काय करायचं, कुठं जायचं, कशाची वाट पाहायची

“डॉक्टर, कानात सारखं किर्र वाजून राह्यलं.” कानाच्या ओपीडीत तक्रार साधारण अशीच येते. कुणाला रातकिडा ऐकू येतो, कुणाला कुकरची शिट्टी, कुणाला दूरची पिठाची चक्की, कुणाला विहिरीवरच्या मोटरची घुंघुं. बाहेर काहीच वाजत नसताना कानात किंवा डोक्यात येणाऱ्या या आवाजाला डॉक्टर टिनिटस म्हणतात, पुस्तकी मराठीत कर्णनाद. जगभरातले अभ्यास एकत्र केले तर प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना तो जाणवतो. फार छळतो तो दोनेक टक्क्यांना.

हा लेख नुकताच आवाज सुरू झालेल्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. विदर्भात गावाकडे बहुतेकांचं असं होतं की आधी कानात तेल, मग दुकानातून आणलेला ड्रॉप, मग वर्षभर कुठल्यातरी गोळ्या, आणि ऐकण्याची साधी तपासणी सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करायचा आहे.

आधी हे बघा: आजच निघायचं का?

एका कानाचं ऐकणं काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकदम कमी झालं आणि सोबत आवाज सुरू झाला, तर थांबू नका. सकाळी उठल्यावर एक कान बंद वाटतो, त्या कानाला फोन लावला की समोरचा ऐकूच येत नाही. माणूस म्हणतो, मळ असेल, सर्दी असेल, सोयाबीन निघालं की जाऊ. पण कानाच्या आतल्या भागाला किंवा नसेला अचानक इजा झाल्याची ही खूण असू शकते. त्यावर स्टेरॉइड देतात, आणि त्याचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. महिनाभर थांबून आलेल्याला फारसं काही देता येत नाही, याचं फार वाईट वाटतं.

घरी एक छोटी चाचणी करता येते. तोंड बंद ठेवून एकाच सुरात ‘म्म्म्’ असा आवाज काढा. कान मळाने किंवा पडद्यामागच्या पाण्याने बंद असेल, तर हा सूर बंद वाटणाऱ्या कानातच जास्त घुमतो. आतली बाजू दुबळी झाली असेल, तर तो चांगल्या कानाकडे सरकतो. चांगल्या कानाकडे सरकला तर त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा. बंद कानात घुमला तरी दोन दिवसांत कान दाखवाच, कारण ही चाचणी पक्की नाही.

कानाच्या आवाजासोबत तोंड वाकडं झालं, जीभ अडखळू लागली, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला किंवा उभंच राहता येईना, तर कानाचा विचार सोडा आणि १०८ ला फोन करा.

आणखी दोन प्रकार वेगळे काढायचे. आवाज धप्-धप् असा येत असेल तर मनगटाची नाडी धरून बघा. नाडीच्या ठोक्याबरोबर तो येत असेल तर बीपी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावं लागतं, कधी मानेच्या आणि डोक्याच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅनही लागतो. अंगात रक्त कमी असलं तरी असा आवाज येऊ शकतो, आणि तो बरा होणारा आहे. दुसरा प्रकार म्हणजे महिनोन्महिने फक्त एकाच कानात येणारा आवाज. यात डॉक्टर एमआरआय सांगू शकतात, ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना हे पाहायला. ती गाठ कॅन्सरची नसते, हळू वाढते आणि क्वचितच सापडते. पण खर्चाच्या भीतीने ही तपासणी टाळू नका.

दोन्ही कानांत सारखा, एकसुरी, कित्येक महिन्यांपासून येणारा किर्र आवाज सहसा धोक्याचा नसतो. त्याला तपासणी हवी, धावपळ नको.

कानात काय घालू नये

गरम तेल, लसूण घालून कढवलेलं तेल, कांद्याचा रस, आगकाडी, केसांची पिन, आणि आठवडी बाजारातल्या कान साफ करणाऱ्याची सळई: यातलं काहीही नको. पडद्याला आधीच भोक असेल, लहानपणी कान वाहत असेल, तर तेल सरळ मधल्या कानात उतरतं. पावसाळ्यात कानात बुरशी धरते, आणि काडीची जखम व तेलाचा ओलावा तिला आयतीच जागा करून देतात. कापसाच्या बोळ्याने मळ निघत नाही, तो पडद्यापर्यंत ठासला जातो.

मळ खरंच असेल तर क्रम असा. डॉक्टरांनी आधी दुर्बिणीने पाहून पडदा शाबूत असल्याचं सांगायला हवं. मग मळ मऊ करणारे थेंब किंवा गरम न केलेलं साधं खोबरेल, तीन-चार थेंब, दिवसातून दोनदा, तीन ते पाच दिवस. थेंब टाकल्यावर पाच मिनिटं कुशीवर पडून राहा. नंतर मळ दवाखान्यात काढून घ्या. पिचकारीचं पाणी अंगाइतकंच कोमट लागतं. गार किंवा गरम पाणी गेलं की गरगरतं आणि उलटी होते. मळ निघाल्यावर कित्येकांचा आवाज तिथेच थांबतो. अशांनी पुढचं वाचायची गरज नाही.

तपासणी: कुठं, कशी, काय न्यायचं

प्राथमिक आरोग्य केंद्रात कान पाहून मिळतो, पण ऐकण्याची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री, तिथे सहसा होत नाही. त्यासाठी जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो आणि मिहानमधलं एम्स. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी. शिवाय यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथली शासकीय महाविद्यालयं. सकाळच्या पहिल्या गाडीने निघा. चिठ्ठी काढणं, डॉक्टरांनी तपासणं आणि मग ऑडिओमेट्रीचा नंबर लागणं यात दिवस जातो, आणि बारानंतर पोचलेल्याला बहुधा दुसऱ्या दिवशी यावं लागतं.

आदल्या दिवशी थ्रेशर, ट्रॅक्टर, डीजे, सगळं टाळा. कमीत कमी चौदा तास कानाला शांतता हवी. मोठ्या आवाजानंतर कान काही काळ बधिर राहतो आणि तपासणीत ऐकणं आहे त्यापेक्षा वाईट दिसतं.

सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, नुसती नावं सांगू नका. काही औषधांनी कान वाजतो किंवा ऐकणं जातं. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं त्यातली, त्यातही किडनी कमजोर असलेल्यांना धोका जास्त. कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन, मलेरियावरचं क्विनिन आणि मोठ्या मात्रेतली ॲस्पिरिन यांचंही तसंच. गडचिरोली-चंद्रपूरकडे मलेरियावर क्विनिन घेतल्यानंतर कान वाजल्याची तक्रार जुनी आहे. तो आवाज औषध थांबल्यावर बहुतेक वेळा जातो. मात्र टीबीचं किंवा दुसरं कोणतंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. “कान वाजतोय” एवढं डॉक्टरांना लगेच सांगा, औषध बदलायचं की नाही ते ठरवतील. घरात सिकलसेल असेल तर तेही सांगा, त्या आजारात आतल्या कानाला इजा होऊ शकते.

तपासणीत बंद खोलीत हेडफोन लावतात आणि बारीक सूर ऐकवतात. ऐकू आला की बटण दाबायचं. अंदाजाने दाबू नका, आणि कानातला आवाज कोणता नि मशीनचा कोणता हे कळत नसेल तर तसं सांगा, ते तुटक-तुटक सूर देतात. हातात येणाऱ्या आलेखावर उजवा कान लाल गोलाने आणि डावा निळ्या फुलीने दाखवलेला असतो. डावीकडून उजवीकडे २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे ढोलापासून शिट्टीपर्यंत. वरून खाली डेसिबल. खुणा २५ च्या रेघेच्या वरच्या बाजूला, म्हणजे २५ पेक्षा कमी आकड्यांत राहिल्या तर ऐकणं ठीक. रेघ ४००० च्या आसपास खड्ड्यात पडून ८००० ला पुन्हा वर आली, तर तो मोठ्या आवाजाने झालेल्या इजेचा ठसा समजतात. ट्रॅक्टर, जिनिंग आणि थ्रेशरवर वर्षं काढलेल्यांच्या आलेखात हा खड्डा ओळखीचा आहे. अशा माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द फुटत नाहीत. ‘साठ’ म्हटलं की ‘आठ’ वाटतं, कारण ‘स’सारखी अक्षरं याच वरच्या पट्टीत बसतात.

आवाज येतो कुठून

आतल्या कानात, शंखासारख्या नळीत, जन्मतः सोळा हजारांच्या आसपास बारीक केसपेशी असतात. बाहेरच्या कंपनाचं विजेच्या संदेशात रूपांतर त्या करतात. मोठ्या आवाजाने, वयाने किंवा औषधाने मेलेली पेशी माणसात परत येत नाही. तिच्याकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू आपली पट्टी वर करतो, जसं स्टेशन नीट लागत नसलं की आपण रेडिओचा आवाज वाढवतो आणि खरखरही वाढते. ही खरखर म्हणजेच तुमचा रातकिडा. म्हणून ‘कानातला किडा काढून टाका’ असं होत नाही. आवाज घडतो मेंदूत.

१९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकणं चांगलं असलेल्या ८० माणसांना आवाजबंद खोलीत बसवलं. काही मिनिटांत त्यातल्या ९४ टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. पूर्ण शांततेत कान जवळपास सगळ्यांचाच वाजतो. पुढचे रात्रीचे सगळे उपाय या एका गोष्टीवर उभे आहेत.

रात्र कशी काढायची

विदर्भात एक गोष्ट दरवर्षी दिसते. उन्हाळाभर कुलर चालतो तोवर माणूस बरा असतो. पावसाळा सरतो, कुलर झाकून ठेवला जातो, दिवाळीनंतर पंखाही बंद होतो, आणि तो म्हणतो, “थंडीत आवाज वाढला.” आवाज तेवढाच असतो. त्याला झाकणारा कुलर गेलेला असतो. एकदा हे लक्षात आलं की निम्मी भीती कमी होते.

तेव्हा खोलीत पूर्ण शांतता ठेवू नका. टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून लावा, वारा लागत नाही आणि आवाज मिळतो. नाहीतर एफएम रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे ठेवा, तिथली एकसारखी ‘श्श्श’ उत्तम. फोनवर पावसाचा किंवा ओढ्याच्या पाण्याचा तासाभराचा आवाज नेटवर्क असताना उतरवून ठेवता येतो. रात्री विमान मोड लावून तोच परत परत वाजू द्या. गाणी, बातम्या, भजन झोपताना नकोत, शब्द आले की मेंदू जागा राहतो. इअरफोन कानात घालून झोपू नका. फोन किंवा रेडिओ उशापासून तीन-चार फुटांवर ठेवा.

आवाज किती ठेवायचा, इथे बहुतेक जण चुकतात. बटण हळूहळू वाढवत न्या. तुमचा रातकिडा पूर्ण बुडाला की थांबा, आणि आता बटण मागे फिरवा, इतकं की पाऊसही ऐकू येतो आणि रातकिडाही, दोघं एकमेकांत मिसळलेले. तिथेच ठेवा. पूर्ण बुडवला तर मेंदूला त्याची सवय व्हायची संधीच मिळत नाही. पाऊस बंद झाला की रातकिडा पहिल्यासारखाच दचकवतो. सवय लागायला आठवडे नाही, महिने लागतात. सहा महिने ते वर्ष-दीड वर्ष धरून चाला.

रात्री लाइट जाते तिथे चार्जिंगचा रेडिओ खोलीत असलाच पाहिजे. पंखा थांबून एकदम सुन्न झालं की जाग येते आणि रातकिड्याशिवाय दुसरं काही उरत नाही.

शेतीपंपाला रात्रीची वीज असते त्या आठवड्यात, आणि रानडुकरांसाठी जागलीला जावं लागतं तेव्हा, आवाज वाढल्यासारखा वाटणारच. झोप कमी झाली की तो चढतो. घरात दुसरं कुणी असेल तर रात्री वाटून घ्या, आणि रात्रभर जागलात तर दुपारी दीड-दोन तास झोपा. मचाणावर रेडिओ बारीक सुरू ठेवा. आवाज चढला म्हणजे कान आणखी बिघडला असं नाही, झोप झाली की तो उतरतो.

उरलेलं ऐकणं राखायचं

केसपेशी परत येत नाहीत, म्हणून आहेत त्या जपायच्या. हिशोब असा: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. केबिन नसलेला ट्रॅक्टर आणि थ्रेशर नव्वदीच्या घरात किंवा वर असतात. लग्नातला डीजे शंभरी सहज ओलांडतो. मोजायचं यंत्र नसेल तर खूण सोपी आहे: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं तर कान झाकायची वेळ झाली.

कानात कापूस घातल्याने जवळपास काहीच अडत नाही. फोमचे इअरप्लग लागतात, औषधाच्या किंवा सेफ्टी सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतात. पण बरेच जण ते नुसते कानाच्या तोंडाशी टेकवतात आणि मग म्हणतात, फरक पडत नाही. नीट घालायची पद्धत अशी. हात स्वच्छ पुसा. प्लग बोटांत वळून वळून वातीसारखा बारीक करा, चुणी राहू देऊ नका. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग धरा आणि वर नि मागे ओढा, म्हणजे आतली वाट सरळ होते. वळलेला प्लग झटकन आत सरकवा आणि बोटाने तीस सेकंद दाबून धरा, तो आत फुगतो. स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमला की बरोबर बसला. आरशात समोरून पाहिल्यावर प्लगचं टोक बाहेर डोकावत असेल तर काढून पुन्हा घाला. काढताना हळू, पिळत काढा. कडक झालेला, तेलकट प्लग फेकून द्या.

थ्रेशरवर प्लग घालणार असाल तर एक गोष्ट आधी ठरवा: मशीन बंद करायची हाताची खूण. पेंढी घालणारा आणि ट्रॅक्टरवरचा, दोघांनी ती पाठ केली पाहिजे. प्लग घातलेल्याला हाक ऐकू जात नाही आणि हात मशीनजवळ असतो.

माकडं नि रानडुकरं हाकलायला वापरतात ती पाइपची कार्बाइडची बंदूक आणि सुतळी बॉम्ब यांचा हिशोब तासांत होत नाही. असा एक ठोका कानाजवळ झाला तर कायमची इजा होऊ शकते. बंदुकीने डोळेही गेले आहेत. कान वाजणाऱ्या माणसाने हे काम करूच नये.

उलट टोकही वाईट. आवाजाची इतकी धास्ती घ्यायची की घरात, बाजारात, बसमध्ये सतत प्लग घालून बसायचं, याने मेंदू पट्टी आणखी वर करतो आणि ताटली पडली तरी टोचू लागतं. प्लग फक्त मोठ्या आवाजात.

खर्रा आणि जबडा

हा मुद्दा आपल्या भागातच इतका महत्त्वाचा आहे. सुपारी-तंबाखूच्या खर्र्याने तोंडाची आतली कातडी ताठ होते, तोंड उघडेनासं होतं. तोच ताठपणा टाळूच्या स्नायूंपर्यंत जातो, आणि घशातून मधल्या कानाला हवा देणारी नळी नीट उघडत नाही. कानाला दडे बसतात, दुखतो, वाजतो. आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर दंत विभागात दाखवा, कानासाठीही आणि कॅन्सरच्या धोक्यासाठीही. दिवसभर चावून थकलेला जबडा हे वेगळंच कारण आहे: जबडा पुढे काढला, दात आवळले किंवा मान वळवली की तुमचा आवाज बदलतो का, हे बघून ठेवा. बदलत असेल तर डॉक्टरांना सांगा. जबड्याच्या आणि मानेच्या व्यायामाने अशा काहींना आराम पडतो, आणि पुढे नव्या उपचारांच्या भागात हीच खूण पुन्हा येणार आहे.

श्रवणयंत्र

ऐकणं कमी असेल तर टिनिटसवरचा सगळ्यात कामाचा उपाय हाच, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणाराही हाच. बाहेरचे आवाज मेंदूपर्यंत पोचू लागले की तो पट्टी खाली आणतो. यंत्र तुमच्या आलेखाप्रमाणे लावून घेतलेलं हवं. ऑनलाइन किंवा बाजारात मिळणारी पाचशे-हजाराची ‘कानाची मशीन’ सगळंच सारखं मोठं करते, ताटांचा खणखणाटसुद्धा, आणि पंधरा दिवसांत डब्यात जाते.

पहिल्या आठवड्यात घरात दोन-तीन तास, मग अंगण, मग बाजार, महिन्याभरात दिवसभर. शिट्टी वाजत असेल तर साचा ढिला आहे किंवा कानात मळ आहे. झिंक-एअर सेलचं स्टिकर काढल्यावर लगेच बसवू नका, दोनेक मिनिटं हवा लागू द्या, नाहीतर सेल लवकर उतरतो. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा. कापूस वेचताना आणि जिनिंगमध्ये तंतू नि धूळ जाळीत अडकते. दर आठवड्याला मऊ ब्रशने झाडा, पाण्याने नाही.

अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत श्रवणयंत्र मोफत मिळू शकतं: महिन्याला २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर पूर्ण, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. आधार, उत्पन्नाचा दाखला, अपंगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी (अपंगांचं ओळखपत्र) कार्ड आणि फोटो तयार ठेवा. प्रमाणपत्र ऐकण्याच्या घटीवर मिळतं, कानातल्या आवाजावर मिळत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

गोळ्या आणि मन

टिनिटस घालवणारी, मान्यता मिळालेली एकही गोळी आज जगात नाही. जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, मेलाटोनिन यांच्या विरोधात अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ सालीच सल्ला दिला. बीटाहिस्टिन चक्कर येणाऱ्या मेनिएरच्या आजारात देतात, नुसत्या आवाजावर तिचा उपयोग दिसलेला नाही. बी-१२ कमी असेल तर ते भरून काढा, नसेल तर इंजेक्शनांवर पैसे घालू नका. ‘२१ दिवसांत शंभर टक्के’ अशी पाटी दिसली की पुढे चला.

ज्याचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे ती आहे सीबीटी, म्हणजे विचारांची आणि सवयींची शिस्तशीर पद्धत. तिने आवाज कमी होत नाही, आवाजाचा छळ कमी होतो. मानसोपचार विभागात जायला लाजू नका. तिचं एक छोटं पान घरीच सुरू करता येतं: वहीत दोन रकाने आखा. एकात आवाज आल्यावर मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा, “हा आता कधीच थांबणार नाही, मी वेडा होईन.” दुसऱ्यात त्या दिवशी प्रत्यक्ष काय झालं ते, “दुपारी निंदण करताना दोन तास लक्षातच नव्हता.” आवाज किती मोठा आहे हे दर तासाला तपासू नका. तपासत राहणं म्हणजे मेंदूला तो महत्त्वाचा आहे असं शिकवणं.

घरच्यांनी “काही नाही, मनाचे खेळ आहेत” असं म्हणू नये. आवाज खरा आहे. आणि कर्ज, नापिकी, त्यात ही झोपमोड, यातून जगणं नकोसं वाटायला लागलं तर घरात कुणाला तरी आजच सांगा आणि टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं.

नव्या उपचारांची आशा

आशेला जागा आहे, आणि ती नेमकी कुठे आहे हे कळलं तर पैसे वाचतात.

आज मिळणारं एक यंत्र म्हणजे लेनिअर, आयर्लंडमधल्या कंपनीचं. हेडफोनमधून आवाज आणि त्याच वेळी जिभेवर विजेचे सौम्य झटके, रोज तासभर, साधारण बारा आठवडे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मार्च २०२३ मध्ये परवानगी दिली. मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास असलेल्यांना नुसत्या आवाजापेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला. फायदा म्हणजे त्रास कमी होणं. रातकिडा बंद पडत नाही. खर्च काही हजार डॉलर. त्यासाठी वावर विकू नका.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने आवाजासोबत मानेवर किंवा गालावर विजेचे सौम्य स्पंद देणारं यंत्र तयार केलं. ९९ माणसांवरच्या अभ्यासाचे निकाल २०२३ मध्ये आले: रोज अर्धा तास, सहा आठवडे, आणि आवाजाची तीव्रताही उतरली. त्यात घेतलेली माणसं ती होती, ज्यांचा आवाज जबडा किंवा मान हलवल्यावर बदलतो. वर सांगितलेली खूण यासाठीच लिहून ठेवायची.

केसपेशी परत उगवण्याचं स्वप्न जुनं आहे. अंगणातल्या कोंबडीच्या कानातल्या पेशी मेल्या तर काही आठवड्यांत नव्या येतात, हे १९८०च्या दशकात कळलं. माणसात तेच घडवायला निघालेलं एफएक्स-३२२ हे इंजेक्शन सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत फार गाजलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला: खरं औषध आणि खोटं औषध, दोन्ही गटांत फरक नाही. आधीच्या बातम्या वाचून कित्येकांनी वर्षं मोजली होती. म्हणून बातमी आली की एवढं बघा: माणसांवर केलंय की उंदरांवर, किती माणसांवर, आणि खोट्या औषधाशी तुलना केली होती का.

जनुकीय उपचाराची बातमी मात्र खरी आहे. जानेवारी २०२४ मध्ये शांघायमधल्या सहा बहिऱ्या मुलांचा अभ्यास छापून आला, त्यातली पाच ऐकू लागली. पण त्या मुलांच्या केसपेशी जिवंत होत्या, फक्त ओटोफर्लिन नावाचं एक प्रथिन जन्मतः बनत नव्हतं. थ्रेशरने मेलेल्या पेशींना हा उपचार लागू पडत नाही. जन्मतः बहिरं बाळ घरात असेल तर मात्र जनुकीय तपासणीबद्दल आणि कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र) आत्ताच विचारा, तिथे प्रत्येक महिना मोलाचा आहे.

भारतात चालणाऱ्या औषध-चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते, कुणालाही मोफत पाहता येते. खऱ्या चाचणीत संमतीपत्र तुम्हाला कळेल अशा भाषेत मिळतं, कधीही बाहेर पडता येतं, आणि चाचणीच्या औषधासाठी तुमच्याकडून पैसे घेत नाहीत. कुणी ‘ट्रायल आहे, पन्नास हजार भरा’ म्हटलं तर ती ट्रायल नव्हे.

तोवर एक फाइल बनवा. प्लास्टिकच्या पिशवीत, चुलीच्या धुरापासून लांब. पहिला ऑडिओग्राम, आवाज कधी सुरू झाला ती तारीख, कोणत्या कानात, जबडा-मान हलवल्यावर बदलतो का, घेतलेली औषधं. दरवर्षी तपासणी एकाच हंगामात करा, थ्रेशर थांबून पंधरा दिवस झाल्यावर. नवा आलेख जुन्यावर ठेवून उजेडात धरा. ४००० चा खड्डा दहा डेसिबलने खोल गेलेला दिसला तर ती फाइल घेऊन पुन्हा ओपीडीत जा, आणि घरी आल्यावर इअरप्लगचं पाकीट ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवा.